शिवांगीची दोन बोटं

शिवांगी देवस्थळी जर्मनीत घोड्यांचं विज्ञान शिकते, हे कळल्यावर मराठी माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला तोंडपाठ आहे. आधी भुवया वर जातात. मग "म्हणजे व्हेटर्नरी डॉक्टर ना?" असा प्रश्न येतो. "नाही" म्हटलं की एक लांबलचक "अच्छा" येतो, आणि त्यात कुतूहल कमी, दया जास्त असते. ठाण्याच्या श्रीरंगकाकांनी तर व्हिडिओ कॉलवर सांगूनच टाकलं होतं, "आमच्या तनयच्या वरातीला घोडा तूच पाठव हो!" सगळे हसले. शिवांगी हसली नाही. "कानाशी बँड वाजवत ज्या घोड्याला तीन तास उभं करतात ना काका, त्याच्या छातीचे ठोके मोजायला येईन. घोडा नाही पाठवणार." काकांनी घाईघाईने विषय क्रिकेटवर नेला.

ती सात वर्षांची असताना वडिलांच्या नोकरीपायी कुटुंब जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला आलं. वासुदेव देवस्थळी मेकॅनिकल इंजिनिअर. बेअरिंग तपासणं हे त्यांचं काम आणि शंका काढणं हा स्वभाव. गावाबाहेर घोड्यांची एक पागा होती. तिथे लीद उचलली की अर्धा तास घोड्यावर बसायला मिळायचं, म्हणून शिवांगी शाळा सुटली की सायकलने थेट तिकडेच जायची. पुढे गणितात उत्तम मार्क पडले तेव्हा वासुदेवांना लेकीच्या नावापुढे इंजिनिअर दिसू लागलं. तिने स्पष्ट सांगितलं, "बाबा, फॉर्म तुम्ही भरलात तरी परीक्षेला मी जाणार नाही." महिनाभर घरात अबोला होता. शेवटी बापाने हात टेकले, पण मनातून काही ते पटलेलं नव्हतं.

विद्यापीठात तिने हाडं पाठ केली, चाऱ्याचे घटक मोजले, घोडा चालताना कुठल्या पायावर किती भार येतो ते शिकली. शेवटचं वर्ष ऑनर्सचं. एक प्रश्न घ्यायचा, वर्षभर संशोधन करायचं. चांगली श्रेणी मिळाली तर फ्राऊ डॉक्टर लिंडहोर्स्ट या तिच्या मार्गदर्शक बाई तिला मास्टर्सला आपल्याकडेच घेणार होत्या. तिने प्रश्न निवडला तो नाकपट्ट्याचा. लगामाबरोबर घोड्याच्या नाकावरून चामड्याचा एक पट्टा जातो. तो आवळला की तोंड मिटलेलं राहतं, घोडा गुणी दिसतो आणि स्पर्धेत मार्क मिळतात. फार आवळला तर बिचाऱ्याला जबडाही हलवता येत नाही. जुना नियम असा की नाकाच्या हाडावर, पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हा नियम खरोखर किती पाळला जातो, ते शिवांगीला शोधायचं होतं.

मोजायला प्लॅस्टिकची, मापाच्या खुणा असलेली एक पाचर मिळते. ती यायला तीन आठवडे लागणार होते. थांबणं शिवांगीच्या रक्तात नाही. बाईंना विचारून तिने ऑक्टोबरात आपल्याच दोन बोटांनी सुरुवात केली. चार पागा झाल्या, शेहेचाळीस घोडे झाले. पट्टे बहुतेक ठीक निघाले. पाचर आली ती कपाटातच राहिली. तिने प्रत्येक पागेला आभाराचं पत्र पाठवलं, आणि हेर ब्राउनमिलर यांच्या पागेला तर लिहून दिलं की तुमच्याकडचे अठराच्या अठरा घोडे नियमात बसतात. त्यांनी ते पत्र चौकटीत घालून दारातच टांगलं. वेबसाइटवरही टाकलं.

डिसेंबरात ती सुट्टीला घरी आली. जेवताना वासुदेवांनी, निव्वळ बोलायचं म्हणून, विचारलं, "मोजतेस कशाने?"

"फिंगर्सनी, बाबा. टू फिंगर्स. रूलच तसा आहे."

"कोणाची बोटं?"

"कोणाची म्हणजे? माइनं. माझी."

वासुदेवांनी तिचा हात उचलून ताटाशेजारी ठेवला आणि आपला हात त्याला लावला. अरुंधतीची, म्हणजे तिच्या आईची, जुनी अंगठी शिवांगीच्या मधल्या बोटात सैल फिरत होती. वडिलांचं एक बोट तिच्या जवळजवळ दोन बोटांएवढं भरलं. "शिवू, आमच्याकडे मोजायला असं गेज वापरलं तर मालाचा अख्खा लॉट परत येईल," ते म्हणाले.

"अहो, जेवू द्या तिला," अरुंधती म्हणाली.

पण शिवांगीचं जेवण तिथेच थांबलं होतं. आधी तिला संताप आला, तो वडिलांचाच. तीन वर्षं अभ्यासाबद्दल एक प्रश्न विचारला नाही, आणि विचारला तो नेमका हा! मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. तिची बोटं बारीक होती, म्हणून ती जिथे गेली तिथे नियमातली जागा असेलच असं नव्हतं. आवळलेल्या घोड्यांना तिने "ठीक" म्हणून सही करून दिली होती. त्या रात्री ती लाजेने रडली, आणि सकाळी पहिल्या गाडीने परत गेली.

फ्राऊ लिंडहोर्स्ट वाईट नव्हत्या, व्यवहारी होत्या. "गेनाऊ, अगदी बरोबर, चूक आहे," त्या म्हणाल्या. "मीही पाहायला हवी होती. पण प्रबंधाच्या शेवटी 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद लिही आणि वेळेत दे. सगळं पुन्हा मोजलंस तर सेमिस्टर जाईल. ऑनर्स जाईल. मास्टर्सची जागा मी राखून ठेवू शकत नाही."

"खोटं आहे हे माहीत असलेला आकडा मी माझ्या नावाने देणार नाही," शिवांगी म्हणाली.

"ब्राउनमिलर दुसऱ्यांदा आत घेणार नाहीत तुला. निदान ईमेल पाठव."

"चूक मी तिथे उभी राहून केली होती. सांगेनही तिथेच उभी राहून."

जानेवारीत एका शनिवारी ती पाचर खिशात घालून ब्राउनमिलरांच्या पागेत गेली. शिकवणीची वेळ होती, चार घोडे खोगीर चढवून अंगणात उभे होते, तिघांवर स्वार बसलेले होते. त्या पागेत बहुतेक घोडे स्वारांचे स्वतःचे, ब्राउनमिलर फक्त जागा देत आणि शिकवत. शिवांगीने सर्वांसमोर सांगितलं, "माझं माप चुकलं होतं. ते पत्र खरं नाही. मला पुन्हा मोजायचं आहे."

ब्राउनमिलर लाल झाले. "प्लॅस्टिकचं खेळणं माझ्या पागेत कोणाच्या तोंडाला लागणार नाही. दोन बोटांचा नियम माझ्या आजोबांपासून आहे."

"ठीक आहे. मग तुमची दोन बोटं घाला."

ब्राउनमिलरांनी अंगणातल्या सगळ्यांकडे पाहिलं. एवढ्या लोकांत मागे हटणं त्यांना शक्य नव्हतं. ते पहिल्या घोडीपाशी गेले. ती सत्तरीच्या एका बाईंची होती, करड्या रंगाची, पागेतली सगळ्यात शांत म्हणून नावाजलेली. त्यांनी पट्ट्याखाली बोटं खुपसली. नखं आत गेली, पुढे काही जाईना.

"फुगते ती. सवय आहे तिची."

"खोगीर आवळताना पोट फुगतं, हेर ब्राउनमिलर. नाकाचं हाड फुगत नाही."

कोणीतरी हसलं. ते दुसऱ्या घोड्याकडे गेले. तिथे एक बोट गेलं, तेही वाकडं करून. तिसऱ्याला त्यांनी हातच लावला नाही. "माझ्या पागेतून चालती हो," ते म्हणाले.

"जाते. पण त्या पत्रावर सही माझी आहे. ते इथे राहणार नाही." शिवांगी दारापर्यंत चालत गेली, चौकट उतरवली, आतला कागद काढून घेतला आणि रिकामी चौकट नीट खाली ठेवली. आता सेमिस्टर जाणार, श्रेणी जाणार, आणि श्रीरंगकाका विचारणार, घोडं कुठे अडलं म्हणून. विचारू देत, तिला वाटलं.

ती वळली तेव्हा त्या म्हाताऱ्या बाई घोडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पट्टा दोन छिद्रं सैल केला. घोडी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने जबडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, आणि सगळे पिवळे दात दाखवत एवढी लांब जांभई दिली की बाई दचकल्या. लगेच दुसरी दिली, मग तिसरी.

"पाच वर्षं मी सांगत आले, माझी घोडी फार शांत आहे," बाई म्हणाल्या.

"आणि मी तिचा पट्टा ठीक आहे असं लिहून दिलं," शिवांगी म्हणाली. तिने बाहीने डोळे पुसले. "मला माफ करा."

"रडतेस कशाला? पुन्हा आवळते आधी होता तसा, म्हणजे खरा आकडा मिळेल. मग सैल करून ठेवते. मोज."

"फ्राऊ वेबर, मी या मुलीला बाहेर जायला सांगितलंय!" ब्राउनमिलर ओरडले.

"अंगण तुमचं आहे," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "घोडी माझी आहे. फाटकाबाहेर नेते."

आणि त्यांनी लगाम धरून घोडीला रस्त्यावर नेलं, पट्टा पुन्हा दोन छिद्रं आवळला. शिवांगीने पाचर लावली, आकडा वाचला, वहीत पेनाने लिहिला. मान वर केली तर दुसऱ्या घोड्यावरची बाई खाली उतरून फाटकाकडे यायला निघाली होती, आणि तिसरी रिकिबीतून पाय काढत होती.