तांबट आळीत गारा साचल्या तेव्हा

आमच्या आळीत दोन माणसं चहाला बसली, की अर्धा कप संपायच्या आत गारांचा विषय निघतोच. एकाने किस्सा सांगितला की दुसऱ्याला त्याचा आठवतो, आणि गेल्या खेपेला गुडघ्यापर्यंत असलेल्या गारा या खेपेला कमरेला लागतात! म्हणून मी आपलं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलंच सांगतो.

स्वातंत्र्याच्या दहाएक वर्षं आधीचं नाशिक. मी वडिलांच्या हाताखाली भांडी ठोकायला लागलो होतो. माघ संपत आला होता, पण थंडी अजून हटली नव्हती.

*

दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. तांबट आळीत एरवी हातोड्यांचा असा दणदणाट, की शेजारच्याशीसुद्धा खुणांनी बोलावं लागतं. त्या दिवशी मात्र पत्र्यांवर गारांचाच आवाज एवढा झाला, की एकेकाने हातोडी खाली ठेवली.

माझे वडील, बापू, जन्मभर ठोकून ठोकून कानांनी अधू झालेले. ते तेवढे ठोकत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली, कान दिला आणि समाधानाने म्हणाले, "कुणाला तरी मोठी ऑर्डर आलेली दिसते."

*

गारा थांबल्या तेव्हा आळी पांढरी झाली होती. आमची आळी उताराची. छपरांवरचं सगळं घसरून रस्त्यात आलं होतं आणि खालच्या टोकाला गटाराचं तोंड बुजलं होतं.

म्युनिसिपालिटीचे मुकादम दगडूमामा दोन झाडूवाले घेऊन आले. मूळचे निफाडकडचे, शांत माणूस. सगळ्या गावाची हीच गत आहे, माणसं पुरणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा ज्याने त्याने आपल्या दारापुरतं साफ करावं, हातगाड्या रस्त्यातून काढाव्यात आणि गारा गटारात लोटू नयेत.

लोकांनी ऐकलं. ज्याने त्याने आपल्या दारातल्या गारा शेजाऱ्याच्या दारात लोटल्या! भांड्यांचे व्यापारी शंकरशेठ आपलं दार लख्ख करून आत वळले, परत बाहेर येऊन बघतात तर नवा ढीग.

"या माझ्या गारा नव्हेत," शेठ म्हणाले.

"भांड्यावर घालता तशी नावं घालाया पायजे हुती, शेठ," दगडूमामा म्हणाले. "आता कशा वळखायच्या?"

सगळे हसले, शेठही. भांडण तिथेच मिटलं आणि गारा मिळून शेजारच्या मोकळ्या पटांगणात टाकायच्या असं ठरलं.

*

पण टाकायच्या कशाने? फावडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा शंकरशेठनी दुकान उघडून नव्याकोऱ्या पितळी पराती बाहेर काढल्या. आळी रांगेत उभी राहिली आणि पराती हातोहात फिरू लागल्या. कुठे आपटल्या, कुठे पोचे आले. शेठच्या बायकोला बघवेना, ती आत निघून गेली.

पुढे काही दिवसांनी मनमाडचं गिऱ्हाईक आलं. त्याने सगळ्या पराती उलट्यासुलट्या केल्या आणि नेमकी सगळ्यात जास्त पोचे आलेली उचलली. असलं ठोक्याचं काम आमच्याकडे होत नाही, म्हणाला. शेठनी बापूंकडे पाहिलं. बापूंनी आढ्याकडे पाहिलं.

*

आळीच्या खालच्या टोकाला रहीमचाचा टांगेवाले राहायचे. त्यांची सून शकीला पहिलटकरीण. गारा पडत असतानाच तिला कळा सुरू झाल्या. गटार तुंबल्यामुळे पाणी त्यांच्या उंबऱ्यावरून आत शिरत होतं आणि चाचांचं घोडं गारांवर पाय टाकायला तयार नव्हतं. निम्म्या गाराही अजून उचलून झाल्या नव्हत्या. सखूबाई सुईण कशीबशी आळीच्या वरच्या तोंडापर्यंत आली आणि थांबली. वय झालेलं, अंग भारी, आणि पायाखाली गारा गोट्यांसारख्या सरकत होत्या.

आता कुणी हसत नव्हतं. दगडूमामा गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून गटाराचं तोंड मोकळं करत होते. आम्ही दुकानाची एक रुंद फळी काढली, तिला दोर बांधला, सखूबाईला वर बसवलं आणि मागून दोर धरून उतारावर हळूहळू सोडू लागलो. तिने डोळे गच्च मिटले होते. मध्येच मी विचारलं, भीती वाटते का?

"आजवर मी लोकांचे जीव अलगद खाली आणले," ती डोळे न उघडता म्हणाली. "आज तुम्ही माझा आणा."

ती दारात पोचली आणि तेवढ्यात गटाराने गुडगुड आवाज करून पाणी ओढलं.

*

पण चाचांची चूल विझली होती, सरपण भिजलं होतं, आणि सखूबाई आतून कढत पाणी मागत होती.

आळीच्या मध्यावर गोदूताई एकट्या राहायच्या. विधवा, सोवळं कडक. आंघोळीचं पाणी तापवायच्या त्यांच्या तांब्याच्या बंबाला कुणाचा पदर जरी लागला, तरी त्या तो चिंचेने घासून घ्यायच्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझा बंब पेटलेला आहे. उचला."

आम्ही घुटमळलो. बंब रहीमचाचांच्या घरात जाणार, असं मी चाचरत सांगितलं.

"कुठे जाणार ते मला दिसतंय. सांडू नका."

दिवेलागणीला आतून रडण्याचा आवाज आला. चाचा बाहेर आले, "मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत," म्हणाले आणि ओल्या उंबऱ्यावरच बसून रडू लागले. दगडूमामांनी फावडं भिंतीला टेकवलं. सबंध आळी पायऱ्यापायऱ्यांवर टेकली. कुणाच्या अंगात त्राण नव्हतं, पण उठून घरी जावंसंही वाटत नव्हतं.

मग आम्ही बंब परत नेला. मी घरून चिंच घेतली होती. मागोमाग रहीमचाचा आले आणि खाली रस्त्यातच उभे राहिले. "ताई, मी घासून देतो," ते म्हणाले.

गोदूताईंनी बंबाला हात लावून बघितला. तो पार निवला होता.

"घासत काय बसता?" त्या म्हणाल्या. "पाणी भरा. सकाळी पोरीला आंघोळ घालायची आहे."