पिठातला आकडा

वाटूरच्या आमच्या घरी पहाटे काकी आणि मी समोरासमोर दळायला बसत असू. काकी ओव्या म्हणे, मी आकडे. वडिलांनी, अण्णांनी, मला पावकी-निमकीसोबत भागाकारही शिकवला होता. एकदा मी एकाला सातने भागत गेले आणि जात्याभोवतीच्या कोमट पिठात बोटाखाली अंक उमटत गेले: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. पुढे पुन्हा एक. भागाकार संपेचना, जात्याच्या खुंट्यासारखा फिरून त्याच जागी येई.

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. मी त्याची दुप्पट केली: दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. तेच सहा अंक, त्याच क्रमाने. फक्त सुरुवात दुसरीकडून. तिप्पट केली, थेट सहापटीपर्यंत गेले. एकही अंक हरवला नाही, एकही परका आला नाही. अंगावर काटा आला.

अण्णा पिठावर वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. म्हणाले, "शाळा तपासायला साहेब येऊन राह्यलेत. त्यांनाच दाखवू. ते हो म्हणले, की जालन्याला आत्याकडं राहून शीक."

त्यानंतर ज्वारीच्या पिठाचा वासही मला जालन्याचा वाटू लागला.

साहेब घरी चहाला आले. मी दाराआड उभी होते. बैठकीतून थोरल्या भावाचा, दादाचा आवाज आला, "साहेब, हा आकडा मी काढला."

मी अण्णांच्या शब्दाची वाट पाहिली. बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला. मग अण्णा म्हणाले, "पोराचं डोकं बराबर चालतं. औरंगाबादेला पाठवावं म्हणतो."

"सातने गुणलं तर?" साहेबांनी विचारले.

दादा आकडे पुटपुटू लागला.

"सगळे नऊ," मी दाराआडून बोलून गेले. "सहाच्या सहा."

"कोण ते?"

"धाकटी हाय," अण्णा हसले. "दादाचं ऐकून ऐकून शिकली."

माझ्या जिभेवर कच्च्या पिठाची चव आली. आकडा माझ्याकडून घेतला गेला, हे सोसता आले असते. पण ज्यांनी बोट धरून मला भागायला शिकवले, त्यांच्याच तोंडचे ते वाक्य होते. सातपटीत नऊच का येतात, तेही मला ठाऊक होते. दहा लाखांना सातने भागले की एक बाकी उरते. ती एक सोडून दिली, की उरतात नुसते नऊ.

दादा निघाला त्या सकाळी परतूर स्टेशनाला न्यायला बैलगाडी दारात उभी होती. "जल्दी कर," अण्णा बाहेरून ओरडले. दादा जात्याशी वाकला.

"ए, सातला नऊच का गं येतात? तिथं कुणी इचारलं तर काय सांगू?"

मी मान वर केली नाही.

"सांग, ऐकून ऐकून शिकलो."

काकीची ओवी थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, मूठभर ज्वारी जात्यात सोडली आणि खुंट्यावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला.