डोंग्यातले दोन गोटे

लाकडाच्या डेपोच्या कामासाठी प्राणहिता नदी ओलांडताना मी नेहमी एकाच नावाड्याच्या डोंग्यात, खोड कोरून केलेल्या अरुंद नावेत, बसे. तो आधी माणसाकडे बघून मनातच वजन करी, मग जागा दाखवी. बोलणं तेवढंच.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. घरात दहा माणसं. नव्या बायकोशी चार शब्द बोलायची चोरी. म्हणून तिला नदीवर फिरायला आणलं. घाटावर गादी घातलेली मोठी नावही होती, पण मी पडलो सागाच्या डेपोतला कारकून! लाकडावर टिचक्या मारून ह्याचाच डोंगा निवडला.

"साहेब, तुमी त्या टोकाले बसा, बाई ह्या टोकाले. नाई तं डोंगा कलते जी," तो म्हणाला.

मध्ये बारा हात अंतर. मी ओरडलो, "नदी छान आहे!"

ती ओरडली, "काय?"

त्यानं डोंगा रेतीला लावला आणि दोन मोठे गोटे आणून तिच्या जागी ठेवले. "बाई, जा साहेबापाशी. तोल आता गोटे पाह्यतेत." मग आमच्याकडे पाठ करून वल्हवत राहिला. घाट येईपर्यंत एकदाही वळला नाही.

आता घरात आम्ही दोघंच. मी काही बोललो की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "काय?" तेव्हा तो आठवतो. मी उठतो आणि तिच्याजवळ जाऊन बसतो.