अप्पांचं तमिळ

अप्पांचं तमिळ आधी गेलं, मग बाकीचं. कुंभकोणमच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर तमिळमधून इतिहास शिकवला, आणि एका सकाळी दूधवाल्याने दारात काहीतरी विचारलं तर माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणतो तो?" मला आधी थट्टाच वाटली. डॉक्टर म्हणाले, नंतर शिकलेली भाषा आधी जाते, घरची शेवटपर्यंत टिकते.

घरची म्हणजे आमची तंजावरी मराठी. तंजावरच्या मराठी राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. बोली मात्र चुलीपाशी राहिली. आई गेल्यावर ती बोलायला अप्पांना मी एकटी उरले, आणि मी तर ती शाळेतच टाकली होती. मैत्रिणी हसायच्या. अप्पा मराठीत विचारायचे, मी तमिळमध्ये उत्तर द्यायचे. ते रागावले नाहीत कधी. थोडा वेळ नुसते थांबायचे, न जाणो दुसरं उत्तर येईल म्हणून, आणि मग पेपर उघडायचे.

पुढे बँकेच्या नोकरीने मला पुण्यात नेऊन टाकलं. पहिल्याच आठवड्यात डबे उघडताना मी विचारलं, "अस्कीं जेवलीं कां?" सगळे जेवले का, एवढंच. हशा पिकला. मग मीही इरेला पेटले आणि त्यांची मराठी त्यांच्यापेक्षा चोख शिकले. ती कानामागून आली आणि तिखट झाली. घरची जी काही होती नव्हती, तिला तिने हुसकावून लावलं. निवृत्त होऊन परत आले, तेव्हा अप्पांशी बोलायला माझ्या तोंडात हीच उरली होती.

पूम्पुहारला नेलं तर अप्पांना काही आठवेल, ही माझीच टूम. चोळांची ती समुद्रकाठची राजधानी, निम्मीअधिक समुद्राने गिळलेली. दरवर्षी ते आपला वर्ग तिथे न्यायचे. एका वर्षी त्या वर्गात मीही होते. किनाऱ्यावर ते हळूच मराठीत म्हणाले होते, "ये, येथून पाहा, कावेरी दिसती." मैत्रिणी शेजारीच होत्या. मी तमिळमध्ये म्हणाले, "दिसते, सार्." बापाला सार्! बाकीच्या मुली म्हणायच्या तसं, कोण कुठले मास्तर असावेत तसं. ते एकदा माझ्याकडे बघून पुढे चालू लागले.

मायिलाडुतुरैमार्गे गाडी निघाली. अप्पा खिडकीतून भाताची खाचरं बघत होते. पूम्पुहारच्या अलीकडे किळैयूरला जुन्या बंदराच्या धक्क्याच्या विटा उघड्या केल्या आहेत. होड्या बांधायचे लाकडी खुंटही तिथेच सापडले. समुद्र आता तिथून बराच लांब आहे. एका शाळेच्या मुली आल्या होत्या आणि त्यांच्या बाई तमिळमध्ये धक्क्याची माहिती सांगत होत्या. अप्पा जाऊन मागच्या रांगेत उभे राहिले. मान तिरकी करून, मन लावून ऐकत होते. मग माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "चांगलें सांगती. कशाबद्दल सांगती?"

मी सांगायला लागले. त्यांनीच शिकवलेलं, माझ्या पुणेरी मराठीत. ते प्रत्येक वाक्याला "असें कां" म्हणत होते. मी मध्येच अडखळले, तर रखवालदाराने विचारलं, "पाणी हवं का, अम्मा?"

पूम्पुहारच्या शिल्पांच्या महालात त्यांचं लक्ष लागलं नाही. पुढचा तरंगंबाडीचा किल्ला मी मनातल्या मनात रद्द केला आणि त्यांना सरळ किनाऱ्यावर घेऊन गेले. मोठमोठे काळे दगड रचून समुद्र थोपवलाय. कावेरीचं मुख वाळूने भरलेलं; आमच्या गावातून एवढ्या तोऱ्यात जाणारी नदी इथे घोटाभर पाण्याने समुद्राला मिळते. मला फार वाईट वाटलं, आणि कुणावर चिडावं तेही कळेना. दगडावर रुमाल पसरून मी अप्पांना बसवलं. सुंडलचा द्रोण हातात दिला. त्यांनी दोन हरभरे खाल्ले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही देशाकडल्या कां?"

तुम्ही. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुमचें बोलणें त्या बाजूचें वाटतें."

"पुण्याला होते," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"बरें झालें भेटलांत." त्यांनी द्रोण माझ्यापुढे केला. "एक काम होतें. आमची लेक आहे. तिला अस्कें समजतें, पण बोलत नाहीं. तमिळांतच जाब देती. लाज वाटती तिला. मी कांहीं म्हणत नाहीं, लहान आहे. तुम्ही पुसा तिला कांहीं. आपल्यांत पुसा. तुम्हांस तरी जाब देईल."

मी चिमूटभर घेतलं. सुंडल हातात तसंच राहिलं. मी विचारलं, "कुठे आहे ती?"

अप्पांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. धक्क्यावरच्या त्या मुली आता किनाऱ्यावर आल्या होत्या, बसमधून एकेक उतरत होत्या.

"तेथें, मैत्रिणींबरोबर. हाक मारली तर येणार नाहीं," ते म्हणाले. "येईल आपण होऊन. थांबूं आपण."

मी त्यांच्या शेजारी बसले, आणि आम्ही थांबलो.