केळझरला घातलेला कोट

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावात बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की बंडूजींचं शिलाईचं दुकान लागतं. तरुणपणी बंडूजी सिनेमा बघायला आर्वीला जायचे, पण गोष्टीसाठी नाही. नायक पाठमोरा झाला की त्याच्या कोटाची पाठ कशी कापली आहे, तेवढं त्यांना बघायचं असे. तोच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहायचा आणि घरी येऊन जुन्या वर्तमानपत्रावर कात्री चालवायची. गावातल्या पोरांच्या बेलबॉटम, लांब टोकांच्या कॉलरी, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्यांची चकचकीत जाकिटं, सगळं त्यांच्या मशीनवरून उतरलं. स्वतः मात्र ते जन्मभर अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात वावरले. शिंप्यानं हिरो व्हायचं नसतं, असं हसून सांगायचे.

पुढं रेडिमेड कपडे आले. बंडूजींकडे साड्यांना फॉल लावणं आणि पँट आखूड करणं उरलं. अशात प्रफुल्ल आला. पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या चिंधूजींचा हा मुलगा, पुण्यात नोकरीला. लग्न ठरलं होतं. त्यानं मोबाइलवर एका जुन्या कृष्णधवल सिनेमातल्या गायकाचा फोटो दाखवला. रुंद कॉलर, समोर बटणांच्या दोन रांगा. असाच पांढरा कोट शिवाल का, म्हणाला.

बंडूजींनी तो कोट जीव लावून शिवला. शिवून झाल्यावर आरशासमोर अंगात घालून बघितला. प्रफुल्लची आणि त्यांची चण एकच. आरशातल्या माणसाकडे ते बघतच राहिले.

त्याच आठवड्यात केळझरला त्यांच्या पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. निघताना बंडूजींनी कोट अंगात चढवला. बायको रुख्मिणी म्हणाली, लोकांची वस्तू आहे, ठेवून द्या. एका दिवसानं काय होते, असं म्हणून ते निघाले.

मांडवात माना वळल्या. पाहुणे मुद्दाम उठून हात मिळवायला आले. पोरांनी त्यांना मधे उभं करून फोटो काढले. नवरीच्या मामानं कोटाच्या बाहीवरून हात फिरवत विचारलं, "कोणाचा कोट जी?"

"माझाच आहे. स्वतःसाठी शिवला," बंडूजी म्हणाले आणि मागे वळले, तर चिंधूजी उभे. नवरीचे मामा त्यांचे जुने सहकारी होते. त्यांच्या बोलावण्यावरून ते आले होते. चिंधूजींनी कोटाकडे बघितलं, मग बंडूजींकडे.

"जेवण झालं काय?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते पंगतीकडे गेले.

बंडूजी न जेवताच निघाले. परतीच्या गाडीत त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला. घरी ब्रश मारला, वाफ दिली, उन्हात टांगला. तरी मांडवात कुणीतरी लावलेल्या अत्तराचा वास कापडातून जाईना. प्रफुल्लचा फोन आला तेव्हा काज-बटण बाकी आहे, असं ते खोटं बोलले. मग वर्ध्याला जाऊन तसंच कापड आणलं आणि दुसरा कोट शिवायला घेतला. या वेळी आरशावर त्यांनी चादर टाकली होती. 

ट्रायलला प्रफुल्लसोबत चिंधूजीही आले आणि दारातच थांबले. कोट पोराच्या अंगावर असा बसला की तो स्वतःशीच हसला. चिंधूजी मात्र हसले नाहीत. आपण केळझरला घातलेलाच कोट पोराच्या अंगावर चढवला, असं चिंधूजींना वाटत असणार, हे बंडूजींच्या ध्यानात आलं. आता गप्प राहणं त्यांच्यानं होईना.

"चिंधूजी, हा तो नाही. हा नवा शिवला. तो मी केळझरले घातला होता. आणि माझा म्हणून सांगतलं."

प्रफुल्लला त्याचं काहीच वाटलं नाही. काका, त्यात काय एवढं, तोही चालला असता, असं तो म्हणाला. चिंधूजींनी त्याला हातानं थांबवलं.

"याले माहीत नाई," ते सावकाश बोलले. "माझ्या लहानपणी आमच्या घरी सारे कपडे लोकाइच्या अंगावरून उतरलेले यायचे. माय वाड्यावाड्यानं कामाले जाये, तिथून आणे. शाळेत पोरं ओळखत, हा माझा सदरा आहे म्हणत. पोराच्या लग्नाचा कोट पहिल्यांदा त्याच्याच अंगात जावा, म्हणून तुमच्याकडे शिवाले टाकला."

बंडूजींच्या हातातली टेप खाली पडली.  चिंधूजींनी वाकून टेप उचलून मशीनवर ठेवली. "लग्नाले येजा," म्हणाले आणि पोराला घेऊन गेले.

बंडूजी लग्नाला गेले, बुशशर्ट घालून. बुद्धवंदना चालू असताना ते मंडपाच्या अगदी कडेला उभे होते. जेवणाच्या वेळी चिंधूजींनी स्वतः येऊन त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं बंडूजींना वाटत राहिलं.

तो पहिला कोट दुकानात कापडाखाली टांगलेला आहे. घालायला कुणी मागितला तर बंडूजी देत नाहीत. आता तुमचाच आहे, घाला एखाद्या दिवशी, असं रुख्मिणी म्हणते. बंडूजी मान खाली घालून मशीन चालवत राहतात.