शुक्रावरची हवा आणि यंत्रापुढचा कापूर

त्या वर्षी मी शुक्रावरच्या हवेबद्दल वाचत होतो. भिलाईत कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्याला त्याची काही गरज नव्हती. पण रशियन इंजिनियरांनी मागे ठेवलेली इंग्रजी मासिकं फुकट मिळत. शुक्राच्या ढगांवरून येणारा अवरक्त प्रकाश वर्णपटात पसरला की त्यात काळे पट्टे दिसतात, आणि त्यावरून तिथल्या वरच्या थरातला कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. लिहिणारा प्रामाणिक होता. तो प्रकाश पृथ्वीच्या हवेतूनच दुर्बिणीत शिरतो आणि तिचेही पट्टे त्यात मिसळतात, असं तो कबूल करत होता. आधी आपली हवा वजा करायची, मग शुक्राबद्दल बोलायचं.

त्याच तत्त्वावरचं एक यंत्र आमच्या ऑक्सिजन प्लांटसाठी आलं. तिथे हवा थंड करण्याआधी एका टॉवरमध्ये कॉस्टिक सोड्याने धुवून तिच्यातला हाच वायू काढत. राहिला तर तो नळ्यांत गोठून बसे. धुतलेली हवा एका नळीत घेऊन, तिच्यातून दिव्याचा अवरक्त प्रकाश सोडून, किती राहिला ते यंत्र सांगणार होतं. धुण्याचं काम भंडाऱ्याकडच्या एका ऑपरेटरकडे होतं. त्याची नोकरी पक्की करण्याचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून होता. सही झाली की क्वार्टर मिळणार, आणि बायको-मुलीला गावाहून आणता येणार.

उद्घाटनाला बरेच साहेब आले. यंत्राला हार घातला, कुंकवाने स्वस्तिक काढलं. यंत्राचा दिवा आणि वायूची नळी यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा होती. पेटत्या कापराचं तबक नेमकं तिच्याखाली ठेवलं गेलं. भाषण संपलं, यंत्र सुरू झालं आणि काटा वर चढला.

"कॉस्टिक मेलेलं दिसतंय," विभागप्रमुख म्हणाले. "ड्यूटी कोणाची?"

"माही, साहेब. सकाळीच नवीन भरलं. ड्रम पाहून घ्या."

"मग काय, रशियाची मशीन खोटं बोलते?"

"मशीन कावून खोटं बोलन, साहेब? पण मी बी नाही बोलून राहिलो."

विभागप्रमुखांनी शेजारच्या कारकुनाला कागद थांबवायला सांगितलं. मला शुक्र आठवला तो तेव्हा.

"साहेब, तबक पलीकडे ठेवू का?"

"का? देवाचं तबक चालत नाही यंत्राला?"

"देव चालतो. कापूर जळताना हाच वायू निघतो, तो वाटेत येतोय."

तबक हललं. पाहुण्यांना दोन पावलं मागे सरकवणं जास्त अवघड होतं; मोठ्या माणसांच्या श्वासातही तोच वायू असतो, हे त्यांना सांगायची पद्धत नाही. 'फोटोसाठी जागा हवी' म्हटल्यावर सरकले. काटा हळूहळू उतरून जवळजवळ शून्यावर आला. अहवालात मग 'यंत्राची संवेदनशीलता पाहुण्यांसमोर यशस्वीपणे दाखवण्यात आली' असं आलं.

बाहेर ऑपरेटरने विचारलं, "भाऊ, तुमाले हे कसं समजलं?"

मी शुक्राचं सांगितलं.

"म्हणजे पहाटेची चांदणी? तिच्यावर बी हाच वायू हाय?"

"भरपूर."

"मंग तिथं धुवाले लय मोठा टॉवर लागन," तो म्हणाला. "तिथं ड्यूटी नका लावू माही."

पुढच्या आठवड्यात कागदावर सही झाली. बायको आणि मुलगी आल्यावर तो मला क्वार्टर दाखवायला घेऊन गेला. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, आणि घरात नळ. मुलगी तो नळ सारखा उघडत होती, बंद करत होती, आणि तिला कोणीही रागावत नव्हतं.