पंचसाहेबांचा 'तू'

आमचा शेजारी गेरमुंड होकान्सन याच्याकडे एकोणीस गाई होत्या, तळ्याकाठचं जंगल होतं, तालुक्याच्या कोर्टात पंचाची खुर्ची होती. पण मिरवायचा तो एकाच शब्दावर. "आल्गोट लिंड्रोथ? तो चित्रकार? अहो, आमचं लहानपणापासून 'तू'चं नातं!" बाजारात सांगायचा, बारशाला सांगायचा, मयताच्या घरी शवपेटीवर हात ठेवूनसुद्धा सांगायचा.

आमच्या स्मोलांड प्रांतात 'तू' म्हणजे रस्त्यात सापडलेलं बटण नव्हे. घरात आणि बरोबरीच्यांत ठीक आहे. बाकी सगळ्यांना पदानं बोलवायचं, तेही समोर बसलेल्याविषयी तिऱ्हाइताशी बोलावं तसं: "धर्मगुरूंनी आणखी कॉफी घ्यावी." "पंचसाहेबांचा गुडघा काय म्हणतो?" मोठ्या माणसाच्या मनात आलं तर तो पेला उचलतो, दोघं कोपरात कोपर अडकवून पितात, आणि त्या घोटापासून जन्मभर 'तू'. पेला मात्र मोठ्यानंच उचलायचा. धाकट्यानं आपण होऊन उचलला, तर त्यापेक्षा भर प्रार्थनेत पाटलोण सुटलेली बरी.

आणि लिंड्रोथ मोठा झाला होता, यात शंका नाही. राजधानीत त्याला प्रोफेसर म्हणत. सरदार, बिशप, सरदारांच्या बायका चित्रासाठी त्याच्यापुढे बसायला वर्ष वर्ष थांबायचे. त्यानं रंगवलेलं रेशीम लांबून असं ओलं चमकायचं की बोट लावून पाहावंसं वाटे. जवळ गेलं तर चार फटकारे, जणू रंगवणाऱ्याला गाडी गाठायची होती. पण घाई सगळी कपड्यांपुरती. चेहऱ्यासाठी तो माणसाला ताटकळत ठेवायचा. म्हणायचा, "माणूस दोन चेहरे घेऊन येतो. पहिला असेपर्यंत मी ब्रश पुसत बसतो."

गेरमुंडची पन्नाशी होती त्या उन्हाळ्यात हा लिंड्रोथ धर्मगुरूंच्या घरी राहायला आला. तिसऱ्याच दिवशी रंगाच्या पेटीचा तुटलेला पट्टा घेऊन माझ्या दुकानात उभा. मी गावचा जिनगर. घोड्यांचे साज शिवतो आणि गावाच्या बातम्या जोडतो. मी लगेच सुई टोचली.

"प्रोफेसरसाहेबांना त्यांचे बालमित्र भेटले की नाही?"

"कोण बालमित्र?"

"आमचे पंच, गेरमुंड. सगळीकडे सांगत असतात, प्रोफेसरसाहेबांशी त्यांचं 'तू'चं आहे म्हणून."

लिंड्रोथनं पट्ट्यावरची शिवण नखानं उसवली. "खरं आहे," तो म्हणाला. "तो मला म्हणायचा. 'तू, बादली उचल.' 'तू, मागच्या दारानं ये.' माझी आई दोन उन्हाळे त्यांच्या गोठ्यात कामाला होती. मी त्याला 'धाकटे मालक' म्हणायचो."

मला हसू आवरेना. मी चामड्यात तोंड खुपसलं.

"पन्नाशी कधी आहे त्याची?"

"ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी."

"मग त्याचं चित्र काढतो. माझ्याकडून भेट. जिनगरमास्तरांनी तसं कळवावं."

जिनगरमास्तरांनी पट्टा तसाच टाकला आणि धावत जाऊन कळवलं.

गेरमुंड खुर्चीतच बसला. मग बायकोला हाक मारली, "काय्सा! काय्सा, ऐकलंस का? आल्गोट येतोय!" काय्सानं माझ्याकडे पाहिलं. तिला माझं तोंड चाळीस वर्षं ठाऊक होतं.

बैठका त्यांच्याच दिवाणखान्यात झाल्या. मीही कुठला ना कुठला लगाम घेऊन खिडकीशी बसायचो. असा तमाशा कोण सोडणार? गेरमुंड कोर्टाचा काळा कोट आणि आजोबांची चांदीची साखळी घालून यायचा. टेबलावर रोज एक बाटली आणि दोन पेले मांडायचा, आणि आपला हात पेल्यापासून वीतभर लांब ठेवायचा. नियम पाळणारा माणूस.

"पंचसाहेबांनी हनुवटी जरा खाली घ्यावी," लिंड्रोथ म्हणायचा. "पंचसाहेबांना ऊन लागत नाही ना?" दिवसभरात एवढंच.

पहिल्या दिवशी साखळी झाली. दुसऱ्या दिवशी कोट. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. तिसऱ्या दिवशी लिंड्रोथ ब्रश ठेवून टेबलाशी आला आणि त्यानं एक पेला उचलला.

गेरमुंड अर्धा उठला. हात टेबलावरून सुटला, ओठ उघडले, चेहरा नुसता उजळला. पन्नास वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

लिंड्रोथनं पेला उजेडात धरला. फिरवला. "काच चांगली आहे," म्हणाला, आणि होता तिथे ठेवून दिला. मग कॅनव्हासकडे जाऊन त्यानं अर्धा तास असा हात चालवला की ब्रशचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

तो गेल्यावर काय्सा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अरे, स्पष्ट विचार की त्याला! ताटकळत काय ठेवतोय?"

"तू गप्प बस. मोठ्यानं उचलायचा असतो."

"उचलला की! उचलला आणि खाली ठेवला!"

"सगळ्यांसमोर करायचं असेल त्याला," गेरमुंड माझ्याकडे वळला. "वाढदिवसाला. म्हणून थांबलाय. नाही का रे, युस्तुस?"

"अरे, आणखी कशासाठी?" मी म्हणालो. "आख्ख्या गावासमोर. मी तर नवा सदरा शिवायला टाकलाय." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

रविवारी आख्खं गाव लोटलं. सात प्रकारची बिस्किटं, आणि दूध फाडून केलेले, बदाम घातलेले ते आमच्याकडचे केक, पातेली भरभरून. धर्मगुरू चार ओळी बोलले. लिंड्रोथनं चित्रावरची चादर ओढली.

साखळी तीन फटकाऱ्यांत केलेली, आणि तरी वाजेल असं वाटावं. कोट तर मखमलीसारखा. त्याच्यावर तो चेहरा होता. अर्धा उठलेला माणूस, हवेत राहिलेला हात, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणाऱ्या कुत्र्याचे डोळे. कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. तीस वर्षांची बढाई सगळ्यांनी एका नजरेत वाचली.

"बाई गं, अगदी हुबेहूब!" गिरणीवाली म्हणाली.

मग जे हसू फुटलं! आधी मागे भिंतीशी, मग पुढे, शेवटी धर्मगुरूंनीही कपात खोकून घेतलं. सगळ्यात मोठ्यानं मी.

"काय झालं? छानच आहे की," गेरमुंड म्हणाला. मग त्यानं पुन्हा पाहिलं, आणि या वेळी बराच वेळ.

त्यानंतर त्यानं जे केलं ते आमच्या गावात तोवर कुणी केलं नव्हतं. टेबलाशी जाऊन त्यानं स्वतः दोन पेले भरले. सांडू न देता माणसांतून वाट काढली. एक लिंड्रोथपुढे धरून म्हणाला, "आल्गोट, तू चांगलं काढलंस."

कपांतले चमचे थांबले.

लिंड्रोथनं पेला घेतला. कमरेत वाकून म्हणाला, "पंचसाहेबांना पसंत पडलं, हा माझा मोठाच सन्मान." पेला त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, न पिता, आणि धर्मगुरूंच्या बायकोशी बिस्किटांविषयी बोलायला लागला.

चित्र प्रदर्शनासाठी स्टॉकहोमला मागवलं. काय्सा म्हणाली, "घेऊन जा." तिथे त्याखाली नाव लावलं: 'बालमित्र'. म्हणे लोक त्यापुढून हलत नव्हते. पुढे त्या चित्राची पोस्टकार्डं छापली, गावातल्या दुकानातही आली. त्या नाताळात गेरमुंडच्या घरी त्याच्याच तोंडाची अकरा कार्डं पोचली. एक माझं होतं.

गेरमुंडनं कुणाला शिवी दिली नाही. फक्त त्या दिवसापासून 'तू' म्हणणं सोडलं. गड्याला 'गडीमहाशयांनी नांगर घ्यावा.' मला, ज्याच्याबरोबर त्यानं लहानपणापासून एका होडीतून मासे धरले त्या मला, 'जिनगरमास्तरांनी.' लोकांना मजा वाटली. मग सवय झाली. मग कुणी त्याच्याकडे येईनासं झालं.

सहा वर्षांनी मार्चमध्ये त्याच्या छातीत कफ भरला. काय्सा स्वतः माझ्या दारात आली.

"जाऊन बस त्याच्याजवळ," ती म्हणाली. "तुला 'तू' म्हणाला तर बाहेर येऊन मला सांग. मला सहा वर्षांत नाही म्हणाला."

मी आत गेलो. दोन पेले भरले. तो पंच, मी जिनगर. नियमानं माझा हक्क नव्हता, तरी मी उचलला. "गेरमुंड, अरे, मी युस्तुस. घे ना."

त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जिनगरमास्तरांनी जाताना दार लावून घ्यावं."

बाहेर काय्सा हात पुसत उभी. "म्हणाला?"

माझ्या तोंडाला खरं बोलायची सवय नाही, आणि त्या दिवशी तर धीरही नव्हता. "म्हणाला," मी म्हणालो.

तिचं तोंड असं फुललं की मला जमिनीकडे पाहावं लागलं. एप्रन न सोडताच ती आत धावली. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा आतून त्याचा आवाज आला, स्वच्छ, कोर्टात बोलायचा तसा.

"पंचीणबाईंनी रडू नये."